खर्जातली माणसं : साठचं दशक आणि बेस गिटार

बोलायला सुरुवात करण्याआधी एक गाणं ऐकवतो. तीनच मिनिटांचं आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात तयार झालेलं, १९६७ सालचं. गाणारे ‘फोर टॉप्स’, गाण्याचं नाव ‘बर्नाडेट’. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आलं.)

आता सांगा, काय काय ऐकू आलं? ... हां, गायक. बरोबर, तो तर जीव तोडून गातोय. ... ड्रम. खंजिरीसारखं काहीतरी, बरोबर, ती टँबरीन. ... मागच्या बायकांचे आवाज. ... शेवटाकडे गाणं एकदम थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, हेही कुणीतरी टिपलं. छान.

एका वाद्याचं नाव कुणीच घेतलं नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. मीसुद्धा ही गाणी वीसेक वर्षं ऐकत होतो आणि मला ते वाद्य ऐकू आलं नव्हतं. आमच्याकडे एक छोटा कॅसेट प्लेयर होता, एकच स्पीकर, तळहाताएवढा. त्यातून गळा यायचा, झांजा यायच्या, आणि खाली काहीतरी गुरगुरायचं. पुढे एका मित्राकडे चांगले हेडफोन कानाला लावले तेव्हा कळलं की ती गुरगुर म्हणजे एक माणूस आहे. तो गाण्याच्या खालून चालतोय, मध्येच उडी मारतोय, गायकानं श्वास घेतला की तेवढ्या फटीत चार स्वर बोलून जातोय. तबल्याचं उदाहरण देतो. आपण पुष्कळ वेळा चाटीकडे कान देतो, पण जाणकार माणूस डग्गा ऐकतो. एकदा डग्गा ऐकायची सवय लागली की ठेका तोच राहत नाही. बेस गिटारचं तसंच आहे.

तर आजचा विषय साठच्या दशकातले बेस वाजवणारे लोक. मला त्यांच्या वादनाबद्दल बोलायचं आहेच, पण त्याहून जास्त त्यांच्या नावांबद्दल बोलायचं आहे. नावं लिहिली गेली नाहीत म्हणजे पुढे नेमकं काय होतं, हे सांगायचं आहे. मघाच्या गाण्यात बेस कुणी वाजवला तेही त्यामुळेच लगेच सांगत नाही. त्यावर वाद आहे, आणि त्या वादाकडे आपण शेवटी येणार आहोत.

आधी वाद्य. १९५० पर्यंत नाचाच्या किंवा जॅझच्या बँडमध्ये खालचे सूर धरायचं काम डबल बेसकडे असे. माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या कुळातलं, उभं राहून बोटांनी छेडायचं वाद्य. टॅक्सीत मावत नाही, आणि पितळी वाद्यं जोरात आली की ऐकूही येत नाही. त्याला पडदे नसतात. सतारीला जसे पडदे असतात तसे नाहीत, म्हणून बोट केसभर सरकलं की सूर चुकतो. विजेवर चालणारा बेस करण्याचे प्रयत्न तीसच्या दशकापासून झाले होते. सिएटलमध्ये पॉल टुटमार्क नावाच्या माणसानं तसा एक विकायलाही काढला होता, पण तो चालला नाही. चालला तो लिओ फेंडरचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ मध्ये त्यानं चार तारांचा, गळ्यात अडकवायचा, पडदे असलेला बेस बाजारात आणला आणि नाव ठेवलं ‘प्रिसिजन बेस’, म्हणजे अचूक. पडदे आहेत, सूर अचूक लागणार, हीच जाहिरात. वाद्याच्या नावातच कारागिराचा स्वभाव आला, कवीचा नाही.

या वाद्याची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेपेक्षाही हा सूर खाली आहे. आता १९६० सालचं तरुण पोर गाणं कशावर ऐकायचं? ट्रान्झिस्टरवर, मोटारीतल्या रेडिओवर, नाहीतर स्वस्तातल्या रेकॉर्ड प्लेयरवर. त्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही. त्याच्या वरचे स्वरांश तेवढे येतात, आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू स्वतःहून भरून काढतो. दुसरी अडचण तबकडीची. खालचा सूर कोरायचा तर खाच रुंद आणि नागमोडी होते, खाच रुंद झाली की तबकडीवर वेळ कमी मावतो, आणि फारच नागमोडी झाली की सुई उडते. म्हणून कोरतानाच खालचे सूर मुद्दाम दाबायचे आणि वाजवताना यंत्रानं ते पुन्हा वर आणायचे अशी पद्धत ठरली होती. तरीही कोरणारे तंत्रज्ञ बेसला घाबरूनच असत. तात्पर्य, बेस ऐकू न येणं हा काही वादकाचा दोष नव्हता. सगळी यंत्रणाच त्याच्या विरुद्ध होती.

त्यामुळे बेस वाजवायची हौस कुणाला नव्हती. पॉल मॅकार्टनीनं पुढे सांगितलंय की बेस म्हणजे मागे उभ्या राहणाऱ्या जाड्या मुलाचं वाद्य, असा तेव्हाचा समज होता. बीटल्सचा पहिला बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ हा मुळात चित्रकार. त्याचं एक चित्र प्रदर्शनात विकलं गेलं, हातात पैसे आले, आणि मित्रांनी त्याला त्या पैशांत बेस घ्यायला लावला. १९६१ मध्ये त्यानं बँड सोडला, तेव्हा बाकीच्यांपैकी कुणीतरी बेस उचलणं भाग होतं. तो उचलला मॅकार्टनीनं. हॅम्बुर्गमध्ये त्यानं हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. एक तर तो स्वस्त होता, आणि दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा दिसायचा. मॅकार्टनी डावखुरा. डावखुऱ्यानं साधी गिटार उलटी धरली की ती विचित्र दिसते, ही दिसत नसे. इतक्या साध्या कारणांनी विसाव्या शतकातलं एक प्रसिद्ध वाद्य त्याच्या हातात आलं. नोएल रेडिंगचंही तसंच. १९६६ मध्ये तो लंडनला गिटारवादक म्हणून नशीब काढायला गेला, आणि जिमी हेंड्रिक्सच्या नव्या त्रिकुटाला बेसवाला हवा होता म्हणून बेसवाला झाला. त्याला ते काम देणारा चॅस चँडलर स्वतः ‘अ‍ॅनिमल्स’ या बँडचा बेसवादक. त्याला कामाची किंमत ठाऊक होती असं म्हणू या.

आता डेट्रॉइट. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

विषय रॉकचा आणि हा माणूस सोल संगीताकडे का वळतोय, असं कुणाला वाटेल. कारण सांगतो. साठच्या दशकात इंग्लंडमधली रॉक वाजवणारी पोरं बेस शिकली ती बऱ्याच अंशी डेट्रॉइटच्या रेकॉर्ड ऐकून. कोण वाजवतंय हे त्यांनाही माहीत नव्हतं.

बेरी गॉर्डी नावाचा तरुण डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला. त्यानं १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेतलं आणि रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे ‘मोटाउन’. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर एक घर घेतलं, त्यात स्टुडिओ केला, आणि मोटारी तयार होतात तशी गाणी तयार करायला सुरुवात केली. लिहिणारे वेगळे, चाल बांधणारे वेगळे, गाणारे वेगळे. खाली त्या खोलीत मात्र वाजवणारे बहुधा तेच असत. रात्री क्लबांत जॅझ वाजवणारे हे लोक दिवसा इथे येत. त्या खोलीला ते सापांचं बीळ म्हणत, कारण छतावरून आणि जमिनीवरून वायरी लोंबकळत असत. आज या वादकांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणून जग ओळखतं. तेव्हा रेकॉर्डवर गायकाचं नाव असे, गीतकाराचं असे, निर्मात्याचं असे. यांचं नसे.

त्यांच्यातला बेसवाला म्हणजे जेम्स जेमर्सन. जन्म १९३६ चा, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. त्याच्या चरित्रात एक गोष्ट येते. लहानपणी तो एका काठीला रबर बांधून ती काठी मुंग्यांच्या वारुळात खोचायचा आणि रबर छेडायचा. मुंग्या नाचाव्यात म्हणून! खरी असो वा नसो, बेसवादकाची याहून चांगली जन्मकथा मला माहीत नाही. ऐकणाऱ्याला सूर कळो न कळो, पायाखालची जमीन हलली पाहिजे.

१९५४ च्या सुमाराला तो डेट्रॉइटला आला, शाळेत डबल बेस शिकला, जॅझ वाजवू लागला, आणि मोटाउनमध्ये आल्यावर काही काळानं फेंडरच्या प्रिसिजन बेसकडे वळला. डबल बेसची सवय मात्र सुटली नाही. उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तर्जनीनं, तो तार छेडायचा. बरोबरीचे लोक त्या बोटाला ‘आकडा’ म्हणत. तारा जाड, गुळगुळीत आणि पडद्यांपासून इतक्या उंच चढवलेल्या की दुसऱ्या कुणाला तो बेस वाजवणं मुश्कील. आणि तारा तो बदलायचाच नाही. तुटली तर तेवढी बदलायची. तारांवर चढलेला मळ आणि घाम यातच आवाजाचा जीव आहे असं त्याचं ठाम मत होतं. आमच्याकडे जुना तंबोरा पुसायला गेलेल्या नवख्या शिष्यावर गुरुजी जसे खेकसतात तसं काहीसं. आवाज मिळायचा तो बुटका, गोल, लाकडी. वाजला आणि लगेच विझला. म्हणून त्याला पुढच्या स्वराला जागा मिळायची.

त्यानं नेमकं काय बदललं? आधीचा बेसवाला मात्रेमात्रेला सुरावटीतला मूळ स्वर द्यायचा. धुम्, धुम्, धुम्. तंबोऱ्यासारखं, तुम्ही गा, मी षड्ज धरतो. जेमर्सननं मात्रेच्या मधल्या जागा वापरल्या. एखादा स्वर अर्धी मात्रा आधीच देऊन टाकायचा, मग गप्प बसायचं, मग बाजूच्या, सुरावटीत नसलेल्या स्वरावरून घसरत जागेवर यायचं. मोकळी तार मध्येच झणकन वाजवून हात दुसरीकडे न्यायला वेळ काढायचा. स्टीव्ही वंडरचं ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ आणि मार्विन गे–टॅमी टेरेल यांचं ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’, दोन्ही १९६७ ची, या दृष्टीनं घरी ऐका. शिवाय मोटाउनच्या स्टुडिओत बेस सरळ मुद्रणाच्या यंत्रात जोडत, खोलीतल्या स्पीकरपुढे माइक ठेवून नाही. त्यामुळे तो स्वच्छ यायचा. झालेलं गाणं मोटारीत असतो तसल्या लहान स्पीकरवर लावून बघत, कारण गिऱ्हाईक ते तिथेच ऐकणार. मघाशी सांगितलेल्या यंत्रणेच्या अडचणी या लोकांना पुऱ्या ठाऊक होत्या.

पैसे? सुरुवातीला एका गाण्यामागे काही डॉलर, नंतर आठवड्याचा पगार. गाणं कितीही चाललं तरी त्यातला वाटा नाही. म्हणून ही मंडळी मालकाला न सांगता दुसऱ्या कंपन्यांसाठीही वाजवून यायची. जॅकी विल्सनचं ‘हायर अँड हायर’ शिकागोत झालं, पण त्यात वाजवणारे बरेचसे डेट्रॉइटहून गुपचूप गेलेले हेच. म्हणजे अशी वेळ आली होती की आपलं नाव कुठे येऊ नये असं त्यांनाच वाटावं.

नाव आलं १९७१ मध्ये. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली, आणि जेमर्सनच्या नावाला ‘अतुलनीय’ असं विशेषण लावलं होतं. तोवर तो कंपनीत दहा-बारा वर्षं वाजवत होता. त्या मुख्य गाण्याच्या वेळी मार्विन गेनं त्याला एका क्लबमधून शोधून आणलं, तो इतका प्यायलेला होता की बसता येईना, म्हणून जमिनीवर उताणा पडून त्यानं ते वाजवलं असं सांगतात. घरी गेल्यावर बायकोला म्हणाला, आज काहीतरी मोठं झालं. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, कंपनीनं आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. डेट्रॉइटचे बहुतेक वादक मागे राहिले.

आता साठच्या दशकात परत जाऊ, लंडनला. तिथल्या पोरांची तक्रार अशी की अमेरिकन रेकॉर्डवर बेस एवढा घसघशीत येतो आणि आपल्या रेकॉर्डवर का येत नाही? ईएमआय कंपनीच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत नियम कडक. सुई उडेल म्हणून बेस वाढवायचा नाही. १९६६ च्या एप्रिलमध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या मुद्रणाला जेफ एमरिक हा जेमतेम विशीतला तंत्रज्ञ बसला होता. त्यानं युक्ती केली. स्पीकर आणि माइक आतून सारखेच, एक विजेचा आवाज करतो, दुसरा आवाजाची वीज. मग बेसच्या स्पीकरसमोर माइक म्हणून दुसरा मोठा स्पीकरच उलटा जोडून ठेवला. एवढा मोठा पडदा खालचे सूर झेलणार नाही तर काय! मॅकार्टनीच्या हातात आता हॉफनरच्या जागी रिकेनबॅकर होता. बेस एकदम समोर आला. पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’च्या वेळी तर तो बाकी गाणं झाल्यावर, रात्री उशिरा, एकटा बसून शेवटी बेस भरू लागला. हा फरक मोठा आहे. पाया आधी घालून त्यावर घर बांधायचं असतं ना? इथे घर आधी उभं राहिलं, आणि सगळ्या खोल्या बघून झाल्यावर पाया घातला. म्हणून तो पाया नुसता वजन पेलत नाही, घराशी बोलतो. ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ किंवा ‘लुसी इन द स्काय’ ऐकताना नुसता बेस गुणगुणता येतो. मॅकार्टनीनं आपल्यावर जेमर्सनचा प्रभाव असल्याचं मोकळेपणानं सांगितलं आहे.

लंडनचा दुसरा मनुष्य म्हणजे ‘द हू’चा जॉन एन्टविसल. शिकलेला फ्रेंच हॉर्न, स्टेजवर पुतळ्यासारखा उभा. बाकीचे तिघे गिटारी फोडतायत, ड्रम लाथाडतायत, आणि हा हलायला तयार नाही. हलायची ती फक्त बोटं. १९६५ च्या ‘माय जनरेशन’मध्ये त्याला चक्क एकट्याला वाजवायला जागा दिली. गाजलेल्या रॉक गाण्यात बेसला अशी जागा बहुधा पहिल्यांदाच. त्याच्या मागची हकिकत फार मानवी आहे. त्याला हव्या होत्या बारीक, झणझणीत तारा, आणि त्या फक्त डॅनइलेक्ट्रो नावाच्या अमेरिकन बेसवर यायच्या. मुद्रणाच्या तयारीत तार तुटली. इंग्लंडमध्ये सुटी तार मिळेना. मग तारेसाठी नवा बेस विकत घेतला! तीही तुटली. पुन्हा बेस. अखेर कंटाळून, साध्या फेंडरवर, वेगळ्या तारांनी ते मुद्रित झालं. आज आपण जे ऐकतो ते म्हणजे त्याला जे हवं होतं ते न मिळाल्यावर केलेलं काम.

‘क्रीम’च्या जॅक ब्रूसबद्दल खरं तर स्वतंत्र तास हवा. ग्लासगोच्या संगीत अकादमीत चेलो शिकलेला माणूस. ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ची ती प्रसिद्ध सुरावट बेसवर सुचलेली, हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर. एवढ्यावर त्याला सोडतो, क्षमस्व.

लॉस एंजेलिस. ‘बीच बॉइज’चा ब्रायन विल्सन हा मुळात बँडचा बेसवादकच, पण १९६४ च्या डिसेंबरात विमानात त्याला मानसिक झटका आला आणि त्यानं दौरे सोडले. तो घरी बसून गाणी लिहू लागला आणि स्टुडिओतले भाड्यानं मिळणारे वादक बोलावून ती मुद्रित करू लागला. त्या वादकांत एक बाई होती, कॅरल के. १९३५ चा जन्म, जॅझ क्लबांत गिटार वाजवून घर चालवणारी, मुलांची आई. १९६३ मध्ये एका मुद्रणाला बेसवाला आलाच नाही. हिला सांगितलं, तू घे. हिनं घेतला, आणि लक्षात आलं की इथे गिटारवाल्यांची रांग आहे, बेसला मात्र मोकळं रान आहे. पिकनं, म्हणजे प्लास्टिकच्या नखीनं वाजवायची, आणि तारांवर फेल्टचा तुकडा लावायची, म्हणजे आवाज टक्कन येतो आणि थांबतो. वादक संघटनेच्या नियमाप्रमाणे तीन तासांची एक पाळी. दिवसाला दोन-तीन पाळ्या. सकाळी सिनेमा, दुपारी रॉक, संध्याकाळी जाहिरात. खोलीभर पुरुष आणि ही एकटी.

१९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बममध्ये ब्रायन विल्सननं बेसकडून एक वेगळंच काम करून घेतलं. समजा वर सा-ग-प असे तीन स्वर एकत्र वाजतायत. बेस साधारणपणे सा धरतो आणि आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. विल्सन बेसला ग किंवा प धरायला लावतो. वर तेच तीन स्वर, पण पायाखालची फरशी अर्धा इंच सरकलेली. ‘गॉड ओन्ली नोज’ ऐकताना जो एक अधांतरी भाव वाटतो त्याचं एक मोठं कारण हे. या मुद्रणांत अनेकदा डबल बेस आणि इलेक्ट्रिक बेस दोन्ही एकत्र वाजतात. हे सुचलं विल्सनला, श्रेय त्याचं. वाजवून दाखवलं ते दुसऱ्यांनी, आणि रेकॉर्डच्या पाकिटावर फोटो पाच बीच बॉइजचा.

हे वाचून-ऐकून आपण अमेरिकेला नावं ठेवू नयेत. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ जेव्हा तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी नाव छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं की लोक पत्र लिहून विचारू लागले, ही गातेय कोण? गायकांची नावं मग येऊ लागली. वादकांची मात्र नाही. मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात गोव्याच्या मंडळींनी भरलेले होते, चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही नावं आज निदान अभ्यासकांना माहीत आहेत. पण त्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत कोण बसलं होतं, हे विचारायला गेलं की हातात येतात त्या बहुतेक आठवणीच.

आणि आठवणी भांडतात. आता त्या वादाकडे येतो.

ऐंशीच्या दशकात जेमर्सनचं नाव हळूहळू बाहेर आलं. अ‍ॅलन स्लटस्की यांनी त्याचं चरित्र लिहिलं, ते १९८९ मध्ये आलं. २००२ मध्ये त्यावर माहितीपट झाला. दुसरीकडे कॅरल के यांचं म्हणणं असं की मोटाउनची काही गाणी लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित होत होती, आणि जेमर्सनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या काही प्रसिद्ध गाण्यांवर बेस आपण वाजवला आहे. त्यात मघाचं ‘बर्नाडेट’ येतं. मोटाउनची मंडळी आणि चरित्रकार यांनी ते नाकारलं. यातला एक भाग निर्विवाद आहे : मोटाउन साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्येही मुद्रण करत होती, आणि के यांनी त्यांच्यासाठी काम केलं होतं. पण कोणतं गाणं, कोणत्या दिवशी, मूळ मुद्रण की नुसता नमुना, हे रेकॉर्डवर कुठेच लिहिलेलं नाही. दिवसाला तीन पाळ्या करणाऱ्या माणसाला तीस वर्षांनी काय आठवणार? आणि जो माणूस उत्तर देऊ शकला असता तो तोवर गेला होता.

तो कसा गेला ते सांगतो. जेमर्सन १९७३ मध्ये कंपनीच्या मागोमाग लॉस एंजेलिसला गेला. तिथे नव्या तारा लाव म्हणायचे, कागदावर लिहिलंय तसंच वाजव म्हणायचे. कामं कमी होत गेली, दारू वाढत गेली. १९८३ च्या मार्चमध्ये पॅसाडिना इथे मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला. मायकल जॅक्सननं ती घसरत मागे जाणारी चाल पहिल्यांदा केली, तोच कार्यक्रम. जेमर्सनला बोलावणं नव्हतं. त्यानं काळ्या बाजारात तिकीट घेतलं आणि वर गॅलरीत बसून तो पाहिला. ऑगस्टमध्ये तो वारला, वय ४७. त्याच्या थोडेच दिवस आधी तो जुना, कधीच तारा न बदललेला बेस घरातून चोरीला गेला.

२००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं साथीदारांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि पहिल्याच वर्षी त्यात जेमर्सनला घेतलं. २०२५ मध्ये त्याच संस्थेनं कॅरल के यांची निवड केली, आणि नव्वदीच्या या बाईंनी आपण तिथे जाणार नाही असं कळवून टाकलं. आपण रॉकवाल्या नाही, जॅझ वाजवणाऱ्या आहोत, हे त्या नेहमी सांगत आल्या आहेत.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून विचारण्यात आलं : तुमच्या मते ‘बर्नाडेट’वर कोण वाजवतंय?)

मला वाटतं जेमर्सन. का, तर मोकळ्या तारा ज्या बेफिकिरीनं येतात त्यावरून, आणि स्वर विझतो कसा त्यावरून. नखीचा टोक लागल्याचा आवाज मला ऐकू येत नाही, बोटाचं मांस ऐकू येतं. पण तुम्ही कोर्टात मला उभं केलंत तर वकील पहिल्याच प्रश्नात मला आडवा करील. म्हणेल, वीस वर्षं तुम्हाला बेसच ऐकू आला नव्हता ना? आणि हे सगळं भांडण मिटवायला तबकडीच्या कागदी लेबलवर एक ओळ पुरली असती. जागा होती, मी पट्टीनं मोजून पाहिलंय. चला, दहा मिनिटं आहेत अजून. पुन्हा लावतो. या वेळी गायकाकडे लक्ष देऊ नका.